सँ पिएरच्या धक्क्यावर: पेटी, पोतं आणि दाखला

न्यूफाउंडलंडच्या दक्षिण टोकाला फॉर्च्युन नावाचं छोटं बंदर आहे. सेंट जॉन्स शहरातून गाडीने निघालं की साधारण साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे चार तास. तिथून फेरीबोट सुटते आणि दीड तासाच्या आत चक्क फ्रान्समध्ये उतरवते. सँ पिएर आणि मिकलाँ ही बेटं कॅनडाच्या किनाऱ्यापासून जेमतेम २०-२५ किलोमीटरवर आहेत. पण झेंडा फ्रेंच, पोलीस फ्रेंच, नाणी युरोची, विजेची भोकं युरोपातली, आणि घड्याळ न्यूफाउंडलंडच्या अर्धा तास पुढे. शेंगेन व्हिसा इथे चालेल असं मात्र गृहीत धरू नये. ही बेटं शेंगेनमध्ये येत नाहीत, त्यामुळे आपल्या पासपोर्टावर काय लागेल याची चौकशी निघण्याआधीच करावी. जून-जुलैत सुट्टी जमते म्हणून लोक तेव्हा येतात, पण धुकंही तेव्हाच सगळ्यात दाट असतं. लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारी उबदार हवा इथे एकमेकांना भिडतात आणि समोरचं बेट सकाळी दिसलं तर दुपारी नाहीसं होतं. या बेटांभोवती सहाशेहून जास्त जहाजं फुटली आहेत असं सांगतात. बोटीच्या कठड्याला धरून त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की तो आकडा पटतो.

आम्ही इथे आलो ते १९२० ते १९३३ या तेरा वर्षांच्या गोष्टीसाठी. अमेरिकेची देशव्यापी दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. तेवढ्या काळात हे मासेमारीचं खेडं उत्तर अमेरिकेतल्या दारूच्या सागरी व्यापाराचं मोठं गोदाम बनलं. दारूबंदी म्हटलं की आपल्याकडे १९४९ चा मुंबईचा कायदा आणि परमिट आठवतं. अमेरिकेचं नाव काढलं की टोपीवाले गुंड आणि गोळीबार. इथल्या धक्क्यावर दोन दिवस फिरल्यावर लक्षात येतं की हा धंदा बंदुकीवर उभा नव्हता. तो उभा होता एका सरकारी दाखल्यावर आणि सहा बाटल्यांच्या एका पोत्यावर. वेगवान बोटी आणि गोळ्या हा सगळा शेवटच्या वीस मैलांचा भाग. त्याआधीचं दीड हजार किलोमीटरचं काम शांतपणे, हिशोबाने आणि इथल्या पुरतं पूर्ण कायदेशीर चालायचं.

बंदरातून चालायला सुरुवात करायची ती ‘ले सालीन’ या रंगीत लाकडी खोल्यांच्या रांगेपासून. सालीन म्हणजे मिठाच्या जागा. खारवलेला कॉड मासा हेच या बेटाचं जुनं पोट. मीठ, पिंपं, सुकवण्यासाठी पसरलेले गोटे, दोन टोकांना निमुळत्या होडक्या, आणि फ्रान्सहून दरवर्षी येणारी शिडाची जहाजं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला इथे मासे गोठवण्याचा एक प्रचंड कारखाना बांधला गेला. गावातली सगळ्यात मोठी इमारत, पण माशांचा धंदा त्या मापाचा झालाच नाही. जाड भिंती, कोरडी जागा, आणि दार थेट बंदरावर. दारू साठवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार? १९२२ मध्ये परदेशी दारूच्या आयातीवरची फ्रेंच बंधनं या बेटांपुरती सैल झाली आणि कारखान्यात माशांऐवजी व्हिस्की, शँपेन, रम आणि जिन यांच्या पेट्या चढू लागल्या. तो भरला, तेव्हा गावातली तळघरं, वखारी, मोकळ्या शेड भाड्याने गेल्या. स्थानिक प्रशासन प्रत्येक पेटीमागे छोटा कर घ्यायचं. पेट्या लाखांनी येत होत्या, त्यामुळे त्या छोट्या करातून रस्ते आणि बंदराची कामं झाली.

पण हा माल इथे यायचाच कशाला? कॅनडाची व्हिस्की कॅनडातूनच थेट अमेरिकेकडे का नाही जायची? याचं उत्तर कागदात आहे आणि तेच या सगळ्या प्रकरणाचं कुलूप आहे.

डिस्टिलरीतून निर्यातीसाठी निघणाऱ्या दारूवर कॅनडा सरकार अबकारी कर लावत नसे. पण माल खरोखर देशाबाहेर गेला, वाटेत उतरवून देशातच विकला नाही, याची खात्री हवी. म्हणून निर्यातदाराला कराच्या दुप्पट रकमेची हमी भरावी लागे. परदेशातल्या कस्टमने ‘एवढा माल आमच्या बंदरात उतरला’ असा सही-शिक्क्याचा दाखला दिला, की हमी मोकळी. समुद्रात अमेरिकन होडीला माल दिला तर असा दाखला कोण देणार? म्हणून सुरुवातीच्या काळात खोटे दाखले फिरले. कागदावर क्युबा किंवा मेक्सिको, आणि जहाज दोन दिवसांत रिकामं होऊन परत. तारखा जुळत नव्हत्या, कस्टमवाले हिशोब लावत होते, हमी जप्त होण्याची भीती होती. सँ पिएरने ही अडचण मुळापासून सोडवली. इथे माल खरंच उतरत होता. पेटी खरंच धक्क्यावर यायची, फ्रेंच अधिकारी खरंच मोजायचा, आणि दाखला शंभर टक्के खरा असायचा. तो दाखला माँट्रियलला पोचला की कॅनडाच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण. मग तीच पेटी दुसऱ्या बोटीत चढली तर तो फ्रान्सचा प्रश्न, आणि फ्रान्समध्ये दारूबंदी नव्हती.

१९३० साली कॅनडाने अमेरिकेच्या आग्रहावरून कायदा बदलला आणि दारूबंदी असलेल्या देशाकडे जाणाऱ्या मालाला बंदरातून सुटण्याची परवानगी बंद केली. डेट्रॉइट नदीवर कॅनडाच्या बाजूच्या विंडसरच्या धक्क्यांवरून दिवसाढवळ्या होड्या सुटत होत्या त्यांना हा फटका मोठा बसला. सँ पिएरचं मात्र उलट झालं. हे बेट दारूबंदीचा देश नव्हतंच. जो माल नदीतून जायचा तोही आता इकडे वळला आणि बेटाची सगळ्यात भरभराटीची वर्षं याच कायद्यानंतर आली. कायद्यात एक दार बंद केलं की गर्दी कुठल्या दाराशी जाईल, हे आधी कुणी नीट पाहिलं नव्हतं असंच म्हणावं लागतं.

आता पोत्याकडे येऊ. इथला हा सगळ्यात सुंदर कामाचा भाग आहे आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं.

दारू कारखान्यातून यायची ती लाकडी पेटीत. १२ बाटल्या, प्रत्येकीभोवती पेंढ्याची टोपी, वर खिळे मारलेलं झाकण. गोदामात पेटी उत्तम: एकावर एक दहा रचा, ढळत नाही. बोटीत मात्र तीच पेटी शत्रू. पहिली गोष्ट जागा. पेटीच्या फळ्या आणि बाटल्यांमधली पोकळी यांचंच भाडं भरावं लागतं. शिवाय गलबताचं पोट वळणदार असतं आणि पेटी चौकोनी, त्यामुळे कडेचे कोपरे रिकामे राहतात. दुसरी गोष्ट आवाज. रात्री शांत पाण्यावर लाकडावर लाकूड आपटलं की तो ठोका लांबवर जातो. तिसरी गोष्ट, पकडले जाण्याची वेळ आली आणि माल समुद्रात टाकला, तर हवा धरलेली लाकडी पेटी लगेच तळाला जाईल याचा भरवसा नाही. तरंगणारी पेटी म्हणजे तरंगणारा पुरावा. आणि फळीवर कंपनीचं नाव छापलेलं.

फ्लोरिडात बोटी बांधणाऱ्या बिल मॅकॉयने यावर उपाय काढला. सुरुवातीला तो बहामातल्या नासाउहून माल न्यायचा, नंतर सँ पिएरहूनही. त्याची पद्धत अशी: सहा बाटल्या घ्यायच्या. खाली तीन आडव्या, त्यावर दोन, त्यावर एक, असा त्रिकोणी ढीग. प्रत्येक बाटलीला पेंढ्याची जाड गुंडाळी, काचेला काच कुठेही लागता कामा नये. हा ढीग गोणपाटात घट्ट ओढून घ्यायचा आणि दाभणाने सुतळीचे टाके घालून शिवून टाकायचा, कोपऱ्यांना धरायला कान ठेवून. गोणपाट म्हणजे तागाचं तरट, आणि त्या काळी जगातला जवळजवळ सगळा कच्चा ताग बंगालमधून जायचा. आपल्या कांद्याच्या गोणीचंच कापड ते.

हिशोब करून पाहा. पाऊण लिटरची भरलेली बाटली काचेसकट साधारण सव्वा ते दीड किलो. सहा बाटल्या आणि पेंढा धरून पोतं आठ-नऊ किलोच्या आसपास. एका हाताने उचलता येतं, अंधारात एकाने दुसऱ्याकडे फेकता येतं, बोटीच्या पोटातल्या कुठल्याही कोपऱ्यात घुसतं. एका पेटीची दोन पोती. पाच हजार पेट्यांचा माल म्हणजे दहा हजार पोती, म्हणजे ऐंशी टनांच्या वर वजन. ते पाण्यात टाकलं की सरळ तळाला, कारण भरलेली बाटली तेवढ्या जागेच्या पाण्यापेक्षा जड असते आणि तरट हवा धरून ठेवत नाही.

चूक कुठे व्हायची, तर पेंढ्यात. पेंढा कमी घातला किंवा टाके सैल पडले की बोट डोलायला लागल्यावर बाटल्या पोत्यात फिरायच्या. आधी लेबल घासलं जायचं, मग मान तडकायची. एक बाटली फुटली की आजूबाजूचा पेंढा भिजतो, भिजलेला पेंढा दबतो, दबला की पुढची बाटली सैल होते. म्हणजे एका फुटीतून पोतंच जातं. खारं पाणी लागलं तर लेबल सुटायचं, आणि लेबल नसलेल्या स्कॉचला न्यूयॉर्कमध्ये अस्सल कोण मानणार? म्हणून पोतं शिवणं हे अंगमेहनतीइतकंच हातातल्या कसबाचं काम होतं. कॉड सुकवणाऱ्या कुटुंबांतली माणसं आता गोदामांत बसून पेट्या फोडत, बाटल्या गुंडाळत, पोती शिवत. रोज ठरलेली मजुरी आणि बुडून मरण्याची भीती नाही. मासेमारी सोडणाऱ्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

मॅकॉयबद्दल एक गोष्ट इथे पर्यटकांना हमखास सांगितली जाते: तो मालात पाणी घालत नसे म्हणून इंग्रजीत अस्सल वस्तूला ‘रिअल मॅकॉय’ म्हणू लागले. माणूस चोख होता हे खरं. पण हा वाक्प्रचार थोड्या वेगळ्या रूपात स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकातच होता. मॅकॉयला १९२३ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर तटरक्षक दलाने ‘टोमोका’ या त्याच्या शिडाच्या बोटीसकट पकडलं.

फोडलेल्या पेट्यांचं काय झालं? लाखो पेट्या, वाळलेलं पाइनचं लाकूड, आणि बेटावर झाडं खुरटी. लोकांनी ते चुलीत जाळलं, भिंतींत भरलं, कुंपणं केली, शेड बांधल्या. ‘कटी सार्क’ या स्कॉचच्या पेट्यांच्या फळ्यांनी एक अख्खं घर उभं राहिलं, आणि त्याचं नावच ‘व्हिला कटी सार्क’ पडलं. इथे आलात तर इतर काही पाहिलं नाही तरी चालेल, हे लाकूड कुठे कुठे मुरलं आहे ते विचारत फिरा. हॉटेल रोबेरमध्ये काचेआड एक टोपी ठेवली आहे, अल कपोनची म्हणून. तो खरंच इथे आला होता का याचा पक्का पुरावा नाही आणि आम्हाला त्या टोपीत फारसा रस वाटला नाही. या बेटाची खरी निशाणी फळीवर आहे.

माल भरला की प्रवास. सँ पिएर ते न्यूयॉर्क सरळ रेघेत सुमारे १,६०० किलोमीटर, पण सरळ रेघ नोव्हा स्कॉशियाच्या जमिनीवरून जाते. म्हणून बोटीला बाहेरून वळसा घ्यावा लागतो, सेबल बेटाची वाळू टाळत. ते बेट म्हणजे समुद्रात बुडालेल्या वाळूच्या दांड्याचा वर आलेला तुकडा. वादळात तिथे पाणी उथळ होऊन फुटतं आणि धुक्यात काहीच दिसत नाही. खोली मोजायची शिशाची दोरी, होकायंत्र, आणि वेगावरून काढलेला अंदाज, एवढ्यावर चालायचं. ताशी आठ सागरी मैलांनी पाच दिवसांच्या आसपास लागतात, वारा बरा असला तर. बहुतेक बोटी लुनेनबर्गसारख्या मासेमारीच्या बंदरांत बांधलेल्या, दोन डोलकाठ्यांच्या. नंतर खास याच कामासाठी नव्या बांधल्या गेल्या: शिडं नाहीत, डिझेल इंजिन, पाण्याशी लागलेली बुटकी बांधणी, करडा रंग. क्षितिजावर दिसूच नयेत अशा.

भरलेली बोट चालवायला सोपी, रिकामी होत जाणारी अवघड. पोत्यांचं वजन तळाशी असेपर्यंत तेच बोट स्थिर ठेवणारं नीरम म्हणून काम करतं. पण माल एका रात्रीत जात नसे. आज चारशे पोती, परवा दोनशे, मग आठवडाभर हवा खराब. बोट हलकी होत जाते, पाण्यावर उंच येते आणि नांगरावर उभ्या उभ्या आडवी डोलू लागते. म्हणून जुन्या कप्तानांनी दगडाचं नीरम जास्त माल भरण्याच्या मोहात पूर्ण काढलं नाही, आणि माल दोन्ही बाजूंनी सारखा उचलत नेला. ज्यांनी हे पाळलं नाही त्यांना डिसेंबरातल्या वादळाने समज दिली.

ती थांबण्याची जागा म्हणजे ‘रम रो’, दारूच्या बोटींची रांग. लाँग आयलंड आणि न्यू जर्सीच्या समोर, अमेरिकेची हद्द संपते तिथे. सुरुवातीला हद्द तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. किनाऱ्यावरून रात्री दिवे दिसायचे आणि वल्ह्याची होडीसुद्धा जाऊन यायची. जानेवारी १९२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. लोक त्याला बारा मैलांची हद्द म्हणतात, पण करारातले शब्द वेगळे आहेत. जहाज किनाऱ्यापासून ‘एका तासाच्या अंतरात’ असेल तर झडती घेता येईल, आणि तो तास मोजायचा संशयित जहाजाच्या वेगाने किंवा माल किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटीच्या वेगाने. म्हणजे माल उचलायला येणारी बोट ताशी तीस मैलांची असेल तर मोठ्या जहाजाने तीस मैल लांब राहायला हवं. बोट जितकी वेगवान, तितकी हद्द बाहेर सरकते. समुद्रावर, रात्री, कोण कुठे होतं आणि किती वेगात होतं, यावर मग न्यायालयांत वर्षानुवर्षं भांडणं चालली.

ओळख पटवायची साधी युक्ती होती. न्यूयॉर्कच्या माणसाने पैसे शहरातच भरले की एका डॉलरच्या नोटेचा क्रमांक जहाजाला कळवला जायचा किंवा नोट फाडून अर्धी पाठवली जायची. रात्री जो होडीवाला उरलेली अर्धी दाखवेल त्याला माल. रोकड समुद्रावर न्यायची नाही, कारण रम रोवरची खरी भीती तटरक्षक नव्हते, लुटारू होते. नाहीतर जहाजाकडे मालही असायचा आणि पैसाही, आणि तक्रार करायला कुणाकडे जाणार?

शेवटचे वीस-तीस मैल कापायला हलक्या बोटी. युद्ध संपल्यावर ‘लिबर्टी’ नावाची विमानाची इंजिनं स्वस्तात विक्रीला निघाली होती: बारा सिलिंडर, चारशे अश्वशक्ती. एका बोटीत दोन, कधी तीन. पूर्ण वेगात एक इंजिन ताशी शंभर लिटरहून जास्त पेट्रोल पितं, म्हणजे दोन इंजिनांच्या बोटीला एका खेपेतच शेकडो लिटर इंधन वाहावं लागतं आणि तेवढ्या वजनाची पोती कमी होतात. आवाज दाबायला धूर पाण्याखाली सोडत. मागे लागलेल्याला चुकवायला तापलेल्या धुराच्या नळीत तेल सोडून पांढऱ्या धुराचा पडदा करत. बिघाड ठरलेले: विमानासाठी बनवलेल्या इंजिनात समुद्राचं पाणी फिरवलं की खारेपणाने आतून पोखरतं, आणि बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचली की एका ठिणगीत सगळं संपतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच बसते. झाकण बंद ठेवून इंजिन सुरू करणं म्हणजे मरण.

पाठलाग जवळ आला तर माल पाण्यात टाकून नंतर काढायची एक पद्धत होती, ती कॉड खारवणाऱ्या गावात उभं राहून समजून घेताना जास्त भावली. पोती एकमेकांना बांधायची, त्यांना दोरीने एक बोया लावायचा, आणि बोयाला मिठाची पिशवी बांधायची. पोती आपल्या वजनाने तळाला जातात, मीठ बोयाला खाली ओढून ठेवतं. काही तासांनी मीठ विरघळतं, बोया वर येतो, मासेमाराच्या खुणेसारखा साधा दिसतो. मिठाचं प्रमाण मात्र जमायला हवं. पाण्यात मिठाचं वजन निम्म्याच्या जवळ येतं, म्हणून एक किलो उचलणाऱ्या बोयाला किमान दोन किलो मीठ, आणि विरघळायला वेळ हवा म्हणून त्याहून बरंच जास्त. कमी पडलं तर बोया पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच वर येतो. दोरी आखूड झाली तर भरतीला बोया पाण्याखालीच राहतो आणि माल कायमचा गेला.

तटरक्षक दलही शिकत होतं. १९२४-२५ मध्ये त्यांनी ७५ फुटी गस्तीच्या २०३ बोटी बांधून घेतल्या आणि नौदलाच्या जुन्या विनाशिका घेतल्या. ७५ फुटी बोटी हळू होत्या, लिबर्टीवाल्यांना गाठणं त्यांच्याने व्हायचं नाही. म्हणून त्यांनी धावण्याऐवजी चिकटून राहायचं ठरवलं. रम रोवरच्या प्रत्येक जहाजाजवळ एक गस्तीची बोट, रात्रंदिवस. होडी येणारच नाही, तर माल विकणार कुणाला? पाणी संपतं, खाणं संपतं, खलाशी कंटाळतात आणि जहाज भरल्या पोटाने सँ पिएरला परत. हा उपाय गोळीपेक्षा जास्त चालला असं आमचं मत आहे. गोळीचाही हिशोब आहेच: २९ डिसेंबर १९२९ च्या पहाटे ऱ्होड आयलंडच्या धुक्यात ‘ब्लॅक डक’ या बोटीवर मशीनगन चालली आणि तिघे जागीच गेले.

त्याआधी काही महिने ‘आय’म अलोन’ बुडाली. लुनेनबर्गला बांधलेली ही बोट बराच काळ सँ पिएरहून माल न्यायची, नंतर बेलीझहून लुइझियानाकडे जाऊ लागली. २२ मार्च १९२९ ला मेक्सिकोच्या आखातात, किनाऱ्यापासून दोनशे मैलांवर, ‘डेक्स्टर’ या तटरक्षक जहाजाने तिला तोफ डागून बुडवली. कप्तान जॉन रँडल आणि इतर वाचले, फ्रेंच सरंग बुडून गेला. कॅनडाने दाद मागितली आणि लवादाचा निर्णय १९३५ मध्ये आला, म्हणजे दारूबंदी उठल्यावर. अमेरिकेने माफी मागायची आणि कॅनडाला २५,००० डॉलर द्यायचे. बोट आणि मालाची भरपाई मात्र नाही, कारण बोट मुळात अमेरिकन माणसांची होती. हे सिद्ध झालं ते तारांवरून. एलिझबेथ फ्रीडमन या सांकेतिक भाषा उलगडणाऱ्या बाईंनी बोटीबद्दल न्यूयॉर्कशी झालेले निरोप सोडवून दाखवले. सगळ्याच टोळ्या तोवर वायरलेसवर गेल्या होत्या: कुठल्या रात्री, कुठल्या अक्षांशावर, किती पोती. फ्रीडमनबाईंच्या कामाने समुद्रावरचा हा व्यापार कागदावर उघडा पडत गेला.

५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली आणि सँ पिएरच्या गोदामांत माल तसाच पडून राहिला. अमेरिकेत आता तो उघडपणे, स्वस्तात, मोठ्या जहाजांनी येऊ शकत होता. पोती शिवणाऱ्यांचं काम एका हिवाळ्यात गेलं. तेवढ्या वर्षांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, फळ्या सुकून भेगाळलेल्या, आणि वयात आलेल्या मुलांना दोर-गळ लावायची सवय नाही. वडिलांनी पुन्हा मीठ आणलं, पण सरकारी मदतीवर जगणारी घरं वाढली. बंदरासमोरच्या मरँ बेटावर दहा मिनिटांत बोट नेते. तिथे गोटे पसरलेली मासे सुकवण्याची मैदानं अजून दिसतात, गवत वाढलेली. एकेकाळी तिथे शेकडो माणसं राहत होती. आता वर्षभर राहणारं कुणी नाही.

परतीच्या फेरीत फॉर्च्युनला कॅनडाचं कस्टम लागतं. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला करमाफीत १.१४ लिटर कडक दारू किंवा दीड लिटर वाइन आणता येते, आणि न्यूफाउंडलंडमध्ये त्यासाठी वय १९ पूर्ण हवं. पावती जपून ठेवा, अधिकारी मागतो.